पाठ, प्रत आणि साक्ष

१

ग्रंथव्यवहारात तंत्रज्ञानामुळे घडून आलेल्या परिवर्तनाची चर्चा आपल्याकडे बहुधा लाभहानीच्या भाषेत होते. मुद्रणामुळे ग्रंथ सर्वांच्या हाती आले, पण पाठांतराची शक्ती क्षीण झाली. संगणकामुळे माहिती सुलभ झाली, पण सावकाश वाचण्याची सवय मोडली, असा हा जमाखर्च असतो. त्यात तथ्य नाही असे नाही. मात्र या जमाखर्चातून एक प्रश्न नेहमी निसटतो, आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. एखादा मजकूर आपल्यासमोर येतो तेव्हा त्याच्या वतीने उत्तर देण्यास कोण बांधलेला असतो? हे असेच लिहिले गेले होते, येथे बदल झाला आहे, हा बदल अमक्याने अमक्या कारणासाठी केला आहे, असे सांगणारी व्यक्ती वाङ्मयव्यवहारात कोठे उभी असते? लेखनाची साधने बदलली की ही व्यक्ती जागा बदलते, आणि क्वचित नाहीशीही होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रमेय आहे.

प्रश्न लेखनाइतकाच जुना आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात थ्यूथ हा देव लेखनकलेचा शोध लावून ती इजिप्तच्या थेमस राजापुढे ठेवतो आणि राजा तिच्याविषयी शंका व्यक्त करतो, ही कथा प्रसिद्ध आहे. लेखनामुळे माणसे विसराळू होतील हा त्यातील आक्षेप वारंवार उद्धृत केला जातो. त्याच संवादात पुढे सॉक्रेटिस जे सांगतो त्याची चर्चा तुलनेने कमी होते. लिहिलेला शब्द प्रश्न विचारला असता उत्तर देत नाही. तो कोणाच्याही हाती जातो. त्याच्यावर अन्याय झाला तर त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्यासाठी त्याला आपल्या जनकाची गरज असते. स्मृतीविषयीचा आक्षेप मानसशास्त्रीय आहे, तर हा दुसरा आक्षेप नीतिशास्त्रीय आहे. लेखन म्हणजे जनकापासून तुटलेला शब्द, आणि म्हणून अनाथ शब्द, असे त्याचे सार काढता येईल.

प्लेटोने येथे एक गोष्ट गृहीत धरली आहे. शब्दाचा पालक त्याचा कर्ताच असू शकतो, असे तो मानतो. मराठी ग्रंथपरंपरेचा अनुभव या गृहीतकाला छेद देणारा आहे. आपल्याकडे शब्दाचे पालकत्व अनेकदा नकलकाराने आणि वाचकाने केले आहे.

२

याची साक्ष प्रथम भाषाच देते. 'वाचणे' या क्रियापदाच्या मुळाशी 'वच्', म्हणजे बोलणे, हा संस्कृत धातू आहे. पोथी वाचणे म्हणजे पोथी उच्चारणे होय. ऐकणारा नसेल तेथेही वाचणारा स्वतःचाच श्रोता होत असे. 'पाठ' हा शब्द त्याहून अर्थपूर्ण आहे. पाठ म्हणजे म्हणणे, पाठ म्हणजे मुखोद्गत असणे, आणि पाठ म्हणजे संहितेचे विशिष्ट रूप. उच्चार, स्मृती आणि संहिता या तीन गोष्टी आज आपण वेगळ्या मानतो. या शब्दाने त्या एकत्र धरून ठेवल्या आहेत. 'लेखक' या शब्दाचा प्रवासही असाच बोलका आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत, शके १२१२ मध्ये, सच्चिदानंदबाबांचा उल्लेख लेखक म्हणून येतो. ते ग्रंथाचे कर्ते नव्हते. ऐकलेले उतरवून घेणारे होते. आज लेखक म्हणजे कर्ता, आणि उतरवून घेणाऱ्याला वेगळे नाव शोधावे लागते. या अर्थांतरात ग्रंथव्यवहाराचा अर्धा इतिहास सामावलेला आहे.

नक्कल करणे हे मुद्रणपूर्व काळात वाचनाचेच एक रूप होते, आणि ते सर्वांत सावकाश रूप होते. एक ओवी लिहायची तर ती डोळ्यांनी उचलावी लागे, मनात धरावी लागे आणि मग हाताने उतरवावी लागे. नकलकाराच्या चुकांवरूनही हे ओळखता येते. दृष्टिदोषाने ओळ गळते, श्रवणदोषाने समोच्चारी शब्द येतो, आणि अर्थ न लागल्यामुळे परिचित शब्द अपरिचित शब्दाची जागा घेतो. शेवटच्या प्रकारची चूक करायला आधी अर्थ लावण्याचा प्रयत्न करावा लागतो. अपपाठ हा अशा वेळी वाचनाचाच पुरावा ठरतो.

या श्रमाची एक नीती होती. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अध्यात्मग्रंथात अक्षर कसे काढावे याची चर्चा यावी याचे आज आपल्याला आश्चर्य वाटते. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळींतील अंतर सारखे असावे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच लेखणीने लिहिल्यासारखा दिसावा, असे समर्थ सांगतात. त्यांच्या दोन सूचना विशेष विचार करण्याजोग्या आहेत. तरुणपणी बारीक अक्षर लिहिले तर ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, तेव्हा मध्यम अक्षर लिहावे, ही एक. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, ही दुसरी. लिहिणाऱ्याने स्वतःच्या उद्याच्या डोळ्यांचा आणि कागदाच्या उद्याच्या स्थितीचा विचार आज करावा, असा या सूचनांचा आशय आहे. अद्याप न जन्मलेल्या वाचकाप्रती असलेले हे दायित्व आहे, आणि ते पानावर कोऱ्या जागेच्या रूपाने दिसते. त्या कोऱ्या जागेलाही आपण समासच म्हणतो.

तथापि या नीतीचे चित्र एकरंगी रंगवणे योग्य होणार नाही. हस्तलिखितांच्या शेवटी येणारी काही संस्कृत वचने ठरावीक साच्याची आहेत. जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, ते शुद्ध की अशुद्ध याचा दोष मला देऊ नये, असे नकलकार एका वचनात सांगतो. दुसऱ्यात तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून माझे रक्षण करा, मला मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक स्वतःच विनवते. पहिल्या वचनात नकलकार दायित्व झटकतो आणि दुसऱ्यात ते पुढच्या धारकाकडे सोपवतो. या दुसऱ्या वचनातील 'मूर्ख' कोण हे ठरवण्याचा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न तर टाळताच येत नाही. शतकानुशतके हा अधिकार वर्णाने आणि लिंगाने ठरवला गेला. ज्या समाजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांच्या दृष्टीने पोथीचे रक्षण आणि पोथीची कोंडी यांत अंतर नव्हते. जबाबदारी आणि मक्तेदारी एकाच बासनात बांधलेल्या होत्या, हे हस्तलिखित संस्कृतीविषयी हळवे होताना विसरता कामा नये.

३

प्रत बदलते, पाठ बदलतो. ते बदल कसे हाताळावेत याविषयी मराठी परंपरेने किमान दोन भिन्न उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर महानुभावांचे आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे परचक्रात नष्ट झाली, आणि शिष्यांनी आपापल्या स्मृतीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. स्मृती अनेकांच्या असल्याने पाठही अनेक झाले. या अनेकत्वाचे पुढे काय झाले हे महत्त्वाचे आहे. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे ते नावानिशी ओळखले गेले. एखाद्या प्रसंगाविषयी भिन्न आठवण असेल तर ती 'वासना' म्हणून नोंदवली गेली, अधिकचा तपास 'शोधु' म्हणून नोंदवला गेला. येथे मतभेद ग्रंथाच्या शरीरातच राहिला आहे. देवाच्या चरित्राविषयी नितांत श्रद्धा असलेल्या माणसांनी, आपल्याला आठवते ते दुसऱ्याला वेगळे आठवते, ही गोष्ट पुसून टाकली नाही.

दुसरे उत्तर संत एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीचे संशोधन केले. उपलब्ध प्रती ताडून, अपपाठ काढून त्यांनी एक शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, असा दंडकही त्यांच्या नावे ग्रंथाच्या शेवटी आढळतो. एकनाथांनी आपले काम झाकून ठेवले नाही. ते केव्हा केले आणि का केले हे सांगितले. या अर्थाने त्यांनी संहितेची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतली. परंतु कोणता पाठ त्यांना कसा मिळाला होता, आणि त्यांनी काय काढून काय ठेवले, याची नोंद मागे राहिली नाही. परिणामी एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न पुढल्या संशोधकांना सतावत राहिला, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या हस्तलिखिताच्या आधारे वेगळी संहिता प्रसिद्ध केली तेव्हा तो वादाचा विषय झाला.

या दोन उत्तरांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे हा येथे उद्देश नाही. एकनाथांच्या कार्याविना ज्ञानेश्वरी आपल्याला आज वाचता येते तशी वाचता आली असती की नाही, याची शंका वाटते. ध्यानात घ्यायचे ते इतकेच की दोन्ही पद्धतींत बदलाला साक्षीदार आहे. एका ठिकाणी अनेक साक्षीदारांची नावे आहेत, दुसऱ्या ठिकाणी एका अधिकारी पुरुषाचे नाव आहे. साक्षीदाराविना बदल ही अवस्था दोघांनाही अभिप्रेत नव्हती. 'साक्ष' हा शब्द येथे न्यायालयीन अर्थाने घ्यावा. साक्ष खोटी निघू शकते, अपुरी असू शकते. पण ती कोणाची तरी असते, आणि म्हणून तिची उलटतपासणी करता येते.

४

मुद्रणाने या व्यवस्थेत मूलभूत फरक केला. प्रत तयार करण्याचे काम वाचनापासून वेगळे झाले. खिळे जुळवणारा कामगार अक्षरे वाचतो, ग्रंथ वाचतोच असे नाही. आणि छापयंत्राला तर शंभराव्या प्रतीचे पहिल्या प्रतीहून अधिक श्रम पडत नाहीत. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीभोवतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले. ग्रंथाबाबत लोपणारी गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे प्रतीमागचा विशिष्ट हात.

हा बदल महाराष्ट्रात एकाएकी झाला नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. बाळशास्त्री जांभेकरांची १८४५ ची ज्ञानेश्वरीही शिळाछापाचीच. शिळाछापात आधी कोणीतरी हाताने लिहितो आणि त्या हस्ताक्षराच्या प्रती निघतात. नकलकाराचा हात अजून पानावर असतो. शाईत चरबी असेल या भयाने कर्मठ मंडळी छापील कागदाला शिवत नसत, ही हकिकत आज हास्यास्पद वाटते. परंतु त्या विटाळामागे, धर्माच्या परिभाषेत का होईना, एक खरा प्रश्न दडलेला होता: या अक्षराला कोणाचा हात लागला आहे, हे आता आम्हाला कसे कळणार? त्या प्रश्नाचे कर्मठांनी दिलेले उत्तर अन्यायकारक होते. अक्षराला कोणाचा हात लागला हे कळेनासे होणे हीच अनेकांच्या दृष्टीने मुक्ती होती. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ मध्ये आणि ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये प्रसिद्ध होऊ शकली ती मुद्रणाने मक्तेदारी मोडली म्हणून. पोथीच्या व्यवस्थेत या ग्रंथांच्या नकला कोणी केल्या असत्या, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

मात्र छापले म्हणजे टिकले, हा समज मुद्रणानेच निर्माण केला आणि तो खरा नाही. 'स्त्रीपुरुष तुलना' छापली गेली आणि जवळजवळ विस्मृतीत गेली, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशात आणली तेव्हा ती मराठी वाचकाला खऱ्या अर्थाने लाभली. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा इतिहास तर याहून विलक्षण आहे. भारतातले पहिले छापयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो भाविकांनी केलेल्या हस्तलिखित नकलांतून. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची आवृत्ती निघाली. म्हणजे छापलेला ग्रंथ छापील रूपात नाहीसा झाला आणि जुन्या मानल्या गेलेल्या तंत्राने त्याला वाचवले. माध्यमांचा इतिहास हा एका पायरीवरून पुढच्या पायरीवर चढण्याचा इतिहास आहे, या समजुतीला हे एक उदाहरण पुरेसे आहे. ज्यांना ते पुराण उपवासकाळात म्हणायचे होते, ऐकायचे होते, त्यांनी ते टिकवले.

मुद्रणाने साक्षीची जागा मात्र रिकामी ठेवली नाही. प्रकाशकाचे नाव, मुद्रकाचा पत्ता, आवृत्तीचे वर्ष, संपादकाची प्रस्तावना, शुद्धिपत्र या साऱ्या गोष्टी हरवलेल्या हाताच्या जागी आल्या. या प्रवृत्तीचे परमोच्च रूप पुण्यातच पाहायला मिळते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. १,२०० हून अधिक हस्तलिखिते ताडली गेली. पानाच्या वरच्या भागात सिद्ध केलेली संहिता आणि खाली पाठभेद, अशी तिची रचना आहे. वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय वाचकाला खाली नजर टाकून तपासता येतो, नाकारताही येतो. एकनाथांचा निर्णायकपणा आणि लीळाचरित्राची बहुसाक्षिता या आवृत्तीच्या एकाच पानावर नांदतात.

५

संगणकीय तंत्रज्ञानाने आता तिसरा फरक घडवला आहे. मुद्रणात प्रत काढणे वाचनापासून तुटले होते. आता ते श्रमापासूनही तुटले आहे. बोटाच्या एका स्पर्शाने हजारो प्रती निघतात. न वाचता पुढे पाठवणे हा वाङ्मयव्यवहाराचा नवा आणि बहुधा सर्वांत मोठा प्रकार झाला आहे. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांनी कधीही न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर दूरध्वनीवरून फिरतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. जुन्या काळीही संतांच्या नावावर क्षेपक अभंग रूढ झाले. पण तो अभंग निदान कोणीतरी रचला, म्हटला आणि उतरवून घेतला होता. येथे पुढे पाठवणाऱ्याने शेवटची ओळ वाचली असेलच असे नाही.

दुसरी गोष्ट बदलाच्या नोंदीची. संगणकावरचा मजकूर दुरुस्त केला की पूर्वीचा मजकूर, मुद्दाम जपून ठेवला नाही तर, मागमूस न ठेवता नाहीसा होतो. हस्तलिखितात खोडले तरी खोडल्याची खूण राहते. जुन्या पुस्तकांची छायाचित्रे घेऊन त्यांतील अक्षरे यंत्राकरवी ओळखून घेतली जातात तेव्हा 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. या चुका नकलकाराच्या चुकांसारख्या दिसतात, पण त्यांच्यामागे अर्थ लावण्याचा प्रयत्न नसतो. तिसरी गोष्ट स्वामित्वाची. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने, विक्रेत्याकडे हक्क नसल्याच्या कारणावरून, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्या दूर अंतरावरून काढून घेतल्या. त्यांतील एक '१९८४' होती. कपाटातले पुस्तक विक्रेता रात्री येऊन नेत नाही. पडद्यावरचे पुस्तक नेऊ शकतो. पुस्तक जवळ असणे याचा अर्थच येथे बदलला आहे.

चौथी गोष्ट लिपीची आहे, आणि तिचा मराठीशी निकटचा संबंध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी लिपी शालेय शिक्षणातून गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि इतरत्र कागद शाबूत राहिले, अक्षरे शाबूत राहिली. वाचणारे विरळ झाले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी आणि उर्दू दस्तऐवज वाचू शकणाऱ्यांची निकड सर्वांना एकदम जाणवली. त्या प्रश्नाविषयी कोणाची राजकीय भूमिका काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे: सामान्य कुटुंबाचा हक्क शाबीत होणे न होणे हे एका विस्मृत लिपीच्या वाचकावर अवलंबून राहिले. वाचता येणे ही केवळ रसिकतेची बाब नाही, ती न्यायाची बाब होऊ शकते.

हीच अवस्था संगणकयुगात अधिक वेगाने येते. देवनागरीसाठी भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती या दोन्ही गोष्टी १९९१ च्या आहेत. तरीही त्यानंतरची कित्येक वर्षे मराठी पुस्तके आणि नियतकालिके ज्या निरनिराळ्या टंकांत जुळवली गेली त्यांची संकेतव्यवस्था ज्याची त्याची वेगळी होती. तो टंक नसेल तर त्या संचिका उघडूनही पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शके १५०६ ची संहिता आज वाचता येते आणि तीस वर्षांपूर्वीची संचिका वाचता येत नाही, ही परिस्थिती विनोदी नाही. समर्थांच्या भाषेत बोलायचे तर आपण तरुणपणी फार बारीक अक्षर लिहिले.

६

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. संहितेच्या स्थैर्याची ही चिंता म्हणजे मुद्रणसंस्कृतीचा पूर्वग्रह नव्हे काय? रोलाँ बार्थने १९६७-६८ च्या सुमारास कर्त्याच्या मृत्यूची घोषणा केली, ती संहितेला एका अधिकृत अर्थाच्या कैदेतून सोडवण्यासाठी. वॉल्टर ऑंगने मौखिकतेचा विचार करताना दाखवून दिले की स्थिर संहिता ही कल्पनाच लेखनानंतरची आहे. मौखिक परंपरेत प्रत्येक गायन नवे असते. मग संगणकाने शब्दाला पुन्हा प्रवाही केले यात वाईट काय?

या आक्षेपाचे उत्तर स्थैर्याच्या बाजूने देता येत नाही, आणि देऊही नये. ओवी प्रवाही असते आणि प्रवाही असण्यातच तिचे जीवित आहे. परंतु जात्यावर ओवी गाणारी स्त्री समोर बसलेली असते. ती शब्द बदलते तेव्हा बदलणारी कोण हे तिच्या सोबत दळणारीला ठाऊक असते; तिला तेथल्या तेथे विचारता येते, तिच्याशी भांडताही येते. मौखिक परंपरेतील प्रवाहीपण साक्षीसहित असते. संगणकीय व्यवहारात प्रवाहीपण परत आले, साक्ष परत आली नाही. म्हणून या दोहोंचे साम्य वरवरचे आहे. बार्थचा युक्तिवादही येथे पूर्णपणे लागू पडत नाही. त्याने कर्त्याला दूर सारले ते वाचकाचा जन्म व्हावा म्हणून. कर्ताही नाही आणि वाचकही नाही, केवळ मजकुराचे अभिसरण आहे, ही स्थिती त्याच्या विचाराच्या कक्षेत नव्हती.

साक्ष परत आणता येते, आणि त्याच तंत्राने आणता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पोआतवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा संग्रह आता महाजालावर येत आहे. ओवीबरोबर गाणारीचे नाव येते, तिचे गाव येते, आणि ध्वनिमुद्रण झाले असेल तेथे तिचा आवाजही येतो. ज्या स्त्रियांना पोथीच्या व्यवस्थेने वाचक म्हणूनही मानले नाही, त्यांची नावे पाठाशेजारी लिहिली गेली. हिराइसेचा पाठ जसा हिराइसेचा म्हणून राहिला, तशी ही ओवी तिच्या गाणारीची म्हणून राहते. संगणकाविना इतक्या आवाजांचा असा सांभाळ करणे दुष्करच होते. तेव्हा दोष यंत्राचा आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही.

७

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून या प्रश्नाला नवे टोक आले आहे. मराठीतही अस्खलित वाक्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार होऊ लागली आहेत. ही वाक्ये चांगली की वाईट, हा सौंदर्यशास्त्राचा प्रश्न बाजूला ठेवू. नीतीच्या दृष्टीने पाहता, प्लेटोला शब्द जनकापासून दुरावलेला दिसला होता. येथे शब्दाला दुरावण्यासारखा जनकच नाही. त्या वाक्याला प्रश्न विचारला तर आणखी वाक्ये मिळतात, पण त्या वाक्यांमागे उभे राहणारे कोणी मिळत नाही. अशा मजकुराखाली आपले नाव लिहिणारा विद्यार्थी किंवा अध्यापक परीक्षेच्या नियमाचा भंग करतो ही किरकोळ बाब झाली. आपण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष तो देतो, हा त्याचा खरा अपराध आहे. मात्र तोच मजकूर जर कोणी तपासला, त्यातील विधाने स्वतः पडताळली, आणि तो कोठून आला हे सांगून त्याची जबाबदारी पत्करली, तर त्या शब्दाला दत्तक पालक मिळाला असे म्हणता येईल. एकनाथांनी दुसऱ्याच्या ग्रंथाची जबाबदारी घेतली होती. पालकत्व जन्मानेच येते असे नाही.

या विवेचनातून निघणारी कर्तव्ये मोठी नाहीत. जे पुढे द्यायचे ते आधी वाचावे. जे बदलले ते बदलले म्हणून सांगावे. ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव पुसू नये. म्हाइंभट, लीळाचरित्राचे अनामिक नकलकार, सुखटणकर आणि जात्यावर बसलेल्या स्त्रिया यांच्यात भाषा, श्रद्धा, विद्या आणि साधने यांपैकी फारसे काही समान नव्हते; या तीन गोष्टी समान होत्या. तंत्रज्ञान ही कर्तव्ये आपल्याकरिता पार पाडील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण आजवरच्या कोणत्याही तंत्राने ती पार पाडलेली नाहीत. भूर्जपत्राने पाडली नाहीत, खिळ्यांनी पाडली नाहीत. त्या त्या काळी ज्यांच्या हाती प्रत होती त्यांनी ती पार पाडली, किंवा पाडली नाहीत. आणि जेथे पाडली नाहीत तेथील ग्रंथांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत.

आज प्रत प्रत्येकाच्या हाती आहे. नकलकाराचे काम पूर्वी काहींची मक्तेदारी होते, आता ते सर्वांचे झाले आहे, आणि ही मूलतः इष्ट गोष्ट आहे. मक्तेदारी मोडताना जबाबदारीही मोडली जावी, अशी काही तार्किक अपरिहार्यता नाही. ती वाटून घेता येते. ती वाटून घेण्याची आपली तयारी आहे काय, हे मात्र कोणत्याही यंत्राला ठरवता येणार नाही.